मॉडेलर मागच्या बाजूने निवडावा

गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये बसणारा सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज ३० हा स्पीकर फक्त एक वॉट वीज मिळाली, तरी एक मीटरवर सुमारे १०० डेसिबल आवाज काढतो. त्याच स्पीकरला २० वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प जोडून मनासारखा वाजवला, तर तो आकडा ११३ डेसिबलच्या आसपास जातो. आता कायदा पाहा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. साध्या काचेची बंद खिडकी फार तर २५-३० डेसिबल अडवते, आणखी दहा मीटर अंतराने वीसेक डेसिबल कमी होतात. ढोबळ हिशेबानेही एका वॉटचा आवाज रात्री शेजाऱ्याच्या अंगणात मर्यादेबाहेर जातो, २० वॉटचा तर भरदुपारीही. लोणावळ्याला लागून असलेल्या कुसगाव बुद्रुकचंच उदाहरण घ्या: तिथे सिंहगड संस्थेची कॉलेजं आहेत, त्यामुळे भाड्याच्या खोल्यांत राहणारी पोरं आहेत. जुनी घरं आहेत आणि शनिवार-रविवारी भरणारे बंगलेही आहेत. शनिवार-रविवारच्या दणदणाटाला गावकरी आधीच वैतागलेले असतात. त्यांच्या शेजारी बसून खऱ्या अ‍ॅम्पवर गिटार रेकॉर्ड करणं जवळपास अशक्यच.

अडचण दुसऱ्या बाजूनेही आहे. खोलीतला आवाज बाहेर जातो, तसा बाहेरचा आवाज माइकमध्ये येतो. कुसगावच्या बाजूने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. खोपोलीहून घाटाला बगल देणाऱ्या मिसिंग लिंक या रस्त्याचं टोकही कुसगावलाच आहे. मुंबई-पुणे रेल्वेही फार लांब नाही. पावसाळ्यात तर बोलायलाच नको: वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे जाणाऱ्या पावसाचा पत्र्यावरचा मारा कुठल्याही माइकला शांत बसू देत नाही. दमट हवेत कंडेन्सर माइक चरचरायला लागतात, अ‍ॅम्पच्या कळा आणि जोडण्या गंजतात. त्यामुळे माइकच्या भानगडीत न पडता गिटारची केबल थेट डब्यात लावायची आणि अ‍ॅम्प, स्पीकर, माइक यांची नक्कल गणिताने करून घ्यायची, हा डिजिटल मॉडेलरचा मार्ग इथल्या माणसाला सोयीचा आहे. त्यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो कुठला मॉडेलर घ्यावा यावर. दुकानात गेलं की डब्यावर छापलेलं असतं: इतके अ‍ॅम्प, इतके इफेक्ट, इतके प्रीसेट. माझं म्हणणं असं की घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने ही यादी बाजूला ठेवावी, डबा उलटा करावा आणि मागच्या बाजूला काय काय आहे ते पाहून निर्णय घ्यावा. रेकॉर्ड झालेल्या गिटारचा दर्जा ठरतो तो बहुतांशी तिथे.

असं म्हणण्यामागे एक इतिहास आहे. १९९६मध्ये लाइन ६ ही अमेरिकन कंपनी सुरू झाली आणि त्याच सुमारास तिने मॉडेलिंग करणारा पहिला अ‍ॅम्प आणला. १९९८मध्ये तिचा लाल रंगाचा, मूत्रपिंडाच्या आकाराचा पॉड आला आणि घरी बसून गिटार रेकॉर्ड करणं जगभरात सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलं. त्या काळात नक्कल आणि अस्सल यांतला फरक सहज कळत असे: जोरात छेडलेली तार आणि हळूच छेडलेली तार यांत अ‍ॅम्प जो फरक दाखवतो, तो डब्यात पुसट व्हायचा. मग २००६मध्ये फ्रॅक्टल ऑडिओचा अ‍ॅक्स-एफएक्स आला. २०११च्या सुमारास जर्मनीच्या क्रिस्टोफ केम्पर यांचा प्रोफायलर आला, २०१५मध्ये लाइन ६चा हेलिक्स, आणि त्यानंतर फिनलंडच्या न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स. या प्रवासात दोन पद्धती पक्क्या झाल्या. एकीत अ‍ॅम्पचं सर्किट भागाभागाने गणितात मांडतात, म्हणून त्याची प्रत्येक कळ फिरवता येते. दुसरीत खऱ्या अ‍ॅम्पमधून ठरावीक चाचणी-आवाज पाठवतात, बाहेर काय आलं ते नोंदवतात आणि तसाच परिणाम साधायला यंत्राला शिकवतात. याला कॅप्चर म्हणतात. कॅप्चर हुबेहूब असतं, पण ते अ‍ॅम्पच्या एकाच कळ-मांडणीचं असतं. गेन बराच वाढवायचा तर दुसरं कॅप्चर घ्यावं लागतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. या दोन्ही पद्धती इतक्या परिपक्व झाल्या आहेत की चांगली नक्कल ही महागड्या डब्याची मक्तेदारी राहिलेली नाही. लाइन ६नेच २०१८मध्ये एचएक्स स्टॉम्प हा छोटा डबा काढला. त्यात थोरल्या हेलिक्समधलेच अ‍ॅम्प आहेत, त्याच गणिताने चालणारे. फरक आहे तो एका वेळी किती गोष्टी साखळीत लावता येतात, पायाखाली किती बटणं आहेत आणि किती तारा जोडता येतात यात. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी तयार केलेलं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर तर मुक्त आहे. कोणीही फुकट उतरवून घ्यावं, आपल्या अ‍ॅम्पचं कॅप्चर करावं, इतरांनी केलेली हजारो कॅप्चर वापरावीत. आयके मल्टिमीडियाचं टोनएक्स आधी सॉफ्टवेअर म्हणून आलं, मग तळहातावर मावणारं पेडलही झालं. जे तंत्र फुकटही मिळतं आणि खिशाला परवडणाऱ्या पेडलमध्येही बसतं, त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजताना ते नक्की कशाचे मोजतोय, हे विचारलंच पाहिजे. त्यातला मोठा वाटा पडदा, फूटस्विच आणि मंचावरच्या सोयींचा असतो. रोज कार्यक्रम करणाऱ्याला त्या हव्यातच. खोलीत खुर्चीवर बसून, हाताशी माउस असताना रेकॉर्ड करणाऱ्याला त्यांचा उपयोग फारसा नाही.

मग आवाजात खरा फरक कशाने पडतो? सर्वांत आधी स्पीकर आणि माइकच्या नकलेने. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे सूर झपाट्याने कापून टाकतो. अ‍ॅम्पचं विरूपण (डिस्टॉर्शन) स्पीकरशिवाय थेट ऐकलं तर कानाशी चिलटं घोंगावावीत तसं ऐकू येतं. त्याच विरूपणाला स्पीकर लाभला की ते गिटार होतं. या स्पीकरची छाप एका लहानशा ध्वनिफितीत पकडतात, तिला इम्पल्स रिस्पॉन्स किंवा सरळ आयआर म्हणतात. ४८,००० हर्ट्झच्या नोंदणीत २,०४८ नमुन्यांची आयआर जेमतेम ४३ मिलिसेकंदांची असते, पण तेवढ्यात पेटीचं लाकूड, स्पीकरचा कागद, माइकची जात आणि त्याची जागा हे सगळं येतं. शुअरचा एसएम५७ हा १९६५पासूनचा माइक स्पीकरच्या मध्यावर धरला तर आवाज कानात घुसणारा येतो, दोन-तीन सेंटिमीटर कडेला सरकवला तर मऊ होतो. अ‍ॅम्पवरची ट्रेबलची कळ एवढा फरक पाडत नाही. म्हणून बाहेरची आयआर भरता येते का, किती लांबीची भरता येते आणि ती नको तेव्हा बंद करता येते का, हे तीन प्रश्न अ‍ॅम्पच्या यादीपेक्षा आधी विचारावेत. ज्या डब्यात दोनशे अ‍ॅम्प आहेत पण स्पीकर कंपनीने दिलेलेच वापरावे लागतात, त्यातले दोनशेही थोड्या दिवसांत एकाच घरातले वाटू लागतात.

इथे जुना जाणकार वादक हरकत घेईल, आणि त्याची हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तो म्हणेल, अ‍ॅम्पसमोर उभं राहिल्यावर पोटात जो धक्का बसतो, तार स्पीकरच्या जोराने स्वतःच गुंजायला लागते, ते डब्यात कुठून येणार? खरंच येत नाही. हेडफोन घालून वाजवताना तो अनुभव मिळत नाही, आणि त्यामुळे काहींचा हातही आखडतो. पण प्रश्न रेकॉर्डिंगचा आहे. आपण आयुष्यभर जी रेकॉर्ड झालेली गिटार ऐकली, ती बहुतेक वेळा स्पीकरच्या जाळीला जवळजवळ चिकटवलेल्या माइकने ऐकलेली आहे. खोलीतला धक्का त्या फितीत फारसा उतरलेलाच नाही. मॉडेलरची तुलना खोलीतल्या अ‍ॅम्पशी केली की तो हरणारच. माइकमधून आलेल्या अ‍ॅम्पशी केली की सामना बरोबरीचा होतो. गाण्यात ढोल, बास आणि गळा मिसळल्यावर तर फरक सांगणं आणखी अवघड होतं. ज्याला गुंजणारी तार हवीच आहे, त्याने मॉनिटर स्पीकरचा आवाज थोडा वाढवून गिटार त्याच्या जवळ न्यावी. अ‍ॅम्पइतकं नाही, तरी बरंच साधतं.

आता डब्याची मागची बाजू. पहिली गोष्ट गिटारच्या इनपुटची. गिटारच्या पिकअपला सुमारे एक मेगॅओहमचा इनपुट लागतो. साध्या लाइन इनपुटला, जो दहा-वीस किलोओहमचा असतो, गिटार लावली की वरचे सूर मरतात आणि मग कितीही भारी अ‍ॅम्प निवडला तरी आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा राहतो. दुसरी गोष्ट यूएसबी. यूएसबीचं भोक दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. काही स्वस्त डब्यांत ते फक्त प्रीसेट बदलण्यासाठी असतं, आवाज त्यातून जात नाही. आणि महाग म्हणजे सगळं असतं, असंही नाही: केम्परचा प्रोफायलर आला तेव्हा त्यात यूएसबीवरून आवाज नेण्याची सोयच नव्हती, स्टुडिओतल्यांना वेगळी डिजिटल तार आणि इंटरफेस लागायचा. तिसरी आणि माझ्या मते निर्णायक गोष्ट म्हणजे दोन वाटा एकाच वेळी मिळणं: एका वाटेने अ‍ॅम्प-स्पीकर लागलेला तयार आवाज, दुसरीने गिटारचा कच्चा, कोरडा आवाज. कच्चा ट्रॅक हाती असला की सहा महिन्यांनी अ‍ॅम्प बदलता येतो, पुन्हा वाजवावं लागत नाही. तोच ट्रॅक मॉडेलरमधून परत फिरवण्याला रीअ‍ॅम्प करणं म्हणतात. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये राहुलदेव बर्मन यांची गाणी व्हायची तेव्हा वादक एकत्र बसत, घेतलेला टेक तसाच राही. निर्णय तिथल्या तिथे पक्का करणारे कसलेले रेकॉर्डिस्ट त्यांच्यापाशी होते. घरी एकट्याने वाजवणारा, रेकॉर्ड करणारा आणि मिक्स करणारा माणूस एकच असतो. त्याला निर्णय पुढे ढकलण्याची मुभा हवीच, आणि ती कच्च्या ट्रॅकनेच मिळते.

यावर एक तल्लख विद्यार्थी विचारेल: मग डबा हवाच कशाला? एक साधा ऑडिओ इंटरफेस घेतो, कच्चा ट्रॅक नोंदवतो, फुकटचं सॉफ्टवेअर लावतो. हा या लेखातला सर्वांत सबळ आक्षेप आहे आणि अनेकांसाठी तेच उत्तर आहे. ज्याच्याकडे बऱ्यापैकी लॅपटॉप आहे, ज्याला गाणंही नोंदवायचं आहे, त्याने दोन इनपुटचा इंटरफेस घ्यावा आणि डब्याचे पैसे वाचवावेत. अडचण येते ती विलंबाची. लॅपटॉप आवाज बफर नावाच्या तुकड्यांत हाताळतो. ४८,००० हर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. जाता-येता, शिवाय परिवर्तक आणि ड्रायव्हर धरून साधारण आठ-दहा मिलिसेकंद होतात. आवाज हवेत एक मीटर जायला तीनेक मिलिसेकंद घेतो, म्हणजे हे तीन मीटरवरच्या अ‍ॅम्पसमोर वाजवण्यासारखंच झालं, चालून जातं. पण जुना लॅपटॉप तेवढ्या बफरवर चरचरायला लागतो, मग ५१२ नमुन्यांवर जावं लागतं. विलंब वीस मिलिसेकंदांच्या पुढे सरकतो आणि हात तालाच्या मागे पडतो. डब्यात हे काम वेगळी चिप करते, लॅपटॉप कितीही थकलेला असो. म्हणून निवड लॅपटॉपवरून करावी: तो दमदार असेल तर इंटरफेस आणि सॉफ्टवेअर, तो जुना असेल तर स्वतःच इंटरफेसचं काम करणारा, कच्चा ट्रॅक देणारा मॉडेलर. सर्वांत वरच्या श्रेणीतल्या महागड्या डब्याची पाळी या दोन्हींत येत नाही.

वाचलेले पैसे कुठे घालावेत? ऐकण्याच्या साधनांत. माणसाचा कान कमी आवाजात खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये हे मोजून दाखवलं. रात्री हळू आवाजात टोन जमवला की बास कमी वाटतो, आपण तो वाढवतो, आणि सकाळी मोठ्याने ऐकलं की सगळं ढबढब. डब्याला यात दोष देण्यात अर्थ नाही. शेजाऱ्यांच्या धाकाने हळू ऐकणाऱ्या कुसगावकराला हा फसवा बास हमखास भेटणार, म्हणून टोन मध्यम आवाजात, दिवसा जमवावा आणि ओळखीच्या रेकॉर्डिंगच्या शेजारी ठेवून तपासावा. बास वाढवलेले, रस्त्यावर ऐकण्याचे हेडफोन यासाठी कुचकामी. सपाट प्रतिसादाचे, पाठ बंद असलेले स्टुडिओ हेडफोन आणि जमलं तर छोटे मॉनिटर स्पीकर घेतले, तर मध्यम किमतीचा मॉडेलरही चांगलं काम देतो. भारी मॉडेलर आणि भिकार हेडफोन ही जोडी उलट परिणाम करते: आपण काय रेकॉर्ड करतोय तेच कळत नाही.

उरलेले पैसे विजेकडे वळवावेत, कारण घाटमाथ्यावर तिचं काही खरं नसतं. गिटारचे सिंगल कॉइल पिकअप ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण उचलतात, आणि गेन वाढवला की मॉडेलर ती शेकडो पटींनी मोठी करतो. गिटार हातात धरून हळूहळू वळावं. गुणगुण एका दिशेला कमी झाली तर ती पिकअपने हवेतून उचललेली आहे, तिथेच बसून वाजवावं. लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबली तर दोष चार्जर किंवा अर्थिंगच्या वेटोळ्याचा आहे, तेव्हा रेकॉर्डिंग बॅटरीवर करावं आणि मॉडेलरपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड तारा वापराव्यात. घरातलं अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन तोडणं हा जिवाशी खेळ आहे. वीज गेल्यावर चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर अ‍ॅडॉप्टरमधून भुणभुण आणतो, शुद्ध साइन वेव्हचा आणत नाही. विजा कडाडू लागल्या की सगळ्या तारा काढून ठेवाव्यात. काम झालं की डबा सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत जावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत कळा खरखरू लागतात.

शेवटची हरकत व्यवहाराची. लोक म्हणतात, एकदाच चांगला घ्या, आयुष्यभर पुरेल. गिटारबाबत हे खरं आहे, ट्यूब अ‍ॅम्पबाबतही बऱ्याच अंशी. डिजिटल डब्याबाबत नाही. १९९८चा पॉड तेव्हा कौतुकाचा होता, आज तो सेकंड हँड बाजारात पडून असतो. आजचा सर्वांत महागडा डबाही त्याच वाटेने जाणार. शिल्लक राहतो तो कच्चा ट्रॅक, जमवलेल्या आयआर आणि तयार झालेला कान. दुकानात यादी वाचण्याऐवजी आपली गिटार आणि हेडफोन घेऊन जावं. मुंबईत १८६५पासूनच्या फुर्टाडोजसारखी दुकानं आहेत, पुण्यातही वाद्यांची दुकानं आहेत. गेन वाढवून गिटारची व्हॉल्यूम कळ दहावरून तीनवर आणावी: आवाज नुसता लहान न होता स्वच्छही झाला पाहिजे. मग पातळ तारेवर वरच्या पडद्यावर सूर ओढावा. सूर वर चढत असताना मागे एखादा परका सूर खाली उतरताना ऐकू आला, तर त्या डब्याचं गणित कमी पडतं आहे, त्याला एलियासिंग म्हणतात. नंतर हात तारांवर ठेवून शांत बसावं आणि फुसफुस किती आहे ते ऐकावं. पाच मिनिटांच्या या तीन तपासण्या डब्याविषयी यादीपेक्षा जास्त सांगतात.

तेव्हा खरेदीचा क्रम असा लागतो: आधी सपाट हेडफोन, मग लॅपटॉप पाहून इंटरफेस किंवा कच्चा ट्रॅक देणारा मध्यम मॉडेलर, त्यानंतर दोन-तीन चांगल्या आयआर आणि नीट अर्थिंग. अ‍ॅम्प तीन पुरतात: एक स्वच्छ, एक जेमतेम फुटणारा, एक दणकट. त्या तिघांची प्रत्येक कळ ओळखीची होईपर्यंत चौथा उघडू नये. एवढं करूनही काही कमी पडत असेल, तर ते काय आहे हे नेमकं सांगता यावं, आणि ते नेमकं सांगता आलं तरच महागड्या डब्याकडे वळावं. तोवर त्या पैशांचा खरा हक्क गिटारच्या नव्या तारांवर आणि शिकवणीवर आहे.